बुश गयेल शे

‘माझ्या गाडीचं मागचं निलंबन झिजलंय,’ असं जळगावच्या अजिंठा चौफुलीवरच्या एखाद्या गॅरेजात जाऊन कुणी सांगितलं, तर मिस्तरी हातातला पाना खाली ठेवून आधी विचारेल, ‘साहेब, कोणत्या खात्यात होते?’ मराठीत निलंबन होतं ते तलाठ्याचं, ग्रामसेवकाचं, फार तर फौजदाराचं. गाडीचं होत नाही. हिंदी पाठ्यपुस्तकांतून मात्र ‘निलंबन प्रणाली’ खुशाल धावते, आणि व्युत्पत्तीच्या अंगाने पाहिलं तर ती चुकलेलीही नाही. ‘लम्ब्’ म्हणजे लोंबणे. इंग्रजी ‘सस्पेन्शन’ ज्या लॅटिन क्रियापदातून निघालं त्याचा अर्थ टांगणे. युरोपातल्या जुन्या घोडागाड्यांत बसायची पेटी खरोखरच जाड चामडी पट्ट्यांनी खांबांना टांगलेली असायची. पुढे पट्टे गेले, पोलादी स्प्रिंगा आल्या, शब्द तेवढा टांगलेलाच राहिला. आपल्या ‘लांब’ या साध्यासुध्या विशेषणाचा पूर्वजही हाच ‘लम्ब’. लोंबतं ते लांब. इतकं सगळं जुळूनही मिस्तरी हा शब्द तोंडात घेत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. त्याला कुठे काही टांगलेलं दिसत नाही. त्याच्यासमोर गाडी ‘बसलेली’ असते.

‘गाडी मागून बसली’ हे खानदेशातलं पहिलं निदान. घसा बसतो, भिंत बसते, धंदा बसतो, तशीच गाडीही बसते. मग खाली वाकून पाहिलं की पुढचे शब्द सुरू होतात: पाटा, कमान, शॅकल, बुश, शॉकअप. यातला शॉकअप म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं उरलेलं धूड. मूळ नाव एवढं लांबलचक की गाडीखाली उताणं पडलेल्या माणसाने ते संपूर्ण उच्चारावं ही अपेक्षाच गैर. ‘अप’ हे शेपूट असं काही चपखल बसलं आहे की ज्याला इंग्रजी येतं त्यालाही ते वरखाली होण्याशीच जोडावंसं वाटतं. शुद्धलेखनवाले याला अपभ्रंश म्हणतील. मी याला दुरुस्ती म्हणतो.

मुळात धक्का झेलणाऱ्या या सगळ्या मंडळींना मराठीत स्वतःचं असं जुनं नाव का नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. गाडीचं बाकी घराणं तर फार पुरातन आहे. चाक हे ‘चक्र’, आणि इंग्रजांचं ‘व्हील’ही त्याच मुळाचं. जू हे ‘युग’. इंग्रजीतलं ‘योक’ त्याचा चुलतभाऊ. आरे हे वैदिक ‘अर’. मधला तुंबा भोपळ्यासारखा म्हणून तुंबा. आणि ज्यावर हे सगळं फिरतं तो आस म्हणजे ‘अक्ष’. लॅटिन ‘अ‍ॅक्सिस’ आणि इंग्रजी ‘अ‍ॅक्सल’ हे त्याच अक्षाचे दूरदेशी वाढलेले चुलते. बैलगाडीवाला आस म्हणत होता, ट्रकवाला अ‍ॅक्सल म्हणतो. एकाच शब्दाने कपडे बदलले. (आशेपासून झालेली ‘आस’ वेगळी. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी गाडीचा आस मोडलेल्या शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगण्यात अर्थ नाही.)

हे सगळे शब्द फिरणाऱ्या नाहीतर ओढणाऱ्या भागांचे आहेत. हजारो वर्षं गाडी म्हटली की चाक, आस, जू एवढंच होतं. आस आणि साटी, म्हणजे गाडीचा वरचा सांगाडा, यांच्यामध्ये काही नव्हतंच. धक्का बसायचा तो थेट माणसाच्या मणक्याला. फार तर खाली कडबा पसरायचा, त्यावर गोणपाट. मधे काही नव्हतं, म्हणून मधल्याला नाव नव्हतं. जेव्हा मधे काही आलं, बग्गीला, टांग्याला आणि मग मोटारीला, तेव्हा नाव शोधायला भाषेला दुसऱ्यांच्या घरी जावं लागलं. ती गेली तिरंदाजाकडे आणि सुताराकडे.

तिरंदाजाकडून आली कमान. फारसीत कमान म्हणजे धनुष्य. मराठीत ती आली तेव्हा तीर सोबत होता. ‘तीरकमान’ अजूनही जोडीने वावरते. मग तीर गळून पडला आणि वाक उरला. दरवाजाची कमान झाली, भुवईची कमान झाली, वाढदिवसांच्या फलकांनी झाकलेली गावाच्या वेशीवरची स्वागतकमान झाली. घड्याळात गुंडाळलेली पोलादी पट्टीही कमानच. गाडीची कमान मात्र सगळ्यांत धनुष्याच्या जवळची, कारण ती नुसती वाकलेली नाही. ती धनुष्याचंच काम करते. ओढ बसली की वाकते, वाकताना जोर साठवते, सोडला की परत देते. दगडी कमानीला यातलं काहीच जमत नाही. १८०४ साली लंडनच्या ओबादिया एलियट याने गाडीच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं ती रचना म्हणजे दोन धनुष्यं तोंडाला तोंड लावून ठेवावीत तशी होती. इंग्रजांनी त्या वस्तूला ‘स्प्रिंग’ म्हटलं, म्हणजे उसळणारी. आपल्या लोकांनी तिचा आकार पाहिला आणि हत्यार ओळखलं.

सुताराकडून आला पाटा. ‘पट्ट’ या शब्दाचा मराठीत एवढा मोठा गोतावळा आहे की पंगत बसवायची तर जागा पुरायची नाही. बसायचा पाट, लिहायची पाटी, जखमेची पट्टी, कमरेचा पट्टा, वाटण वाटायचा पाटा. पाटीलसुद्धा यातलाच, ताम्रपटातला ‘पट्टकील’ झिजून पाटील झाला. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी फड पद्धतीने भिजणाऱ्या शेतांना पाणी आणणारा पाट आणि तो सांभाळणारा पाटकरी यांनाही याच गोतावळ्यात ओढण्याचा मोह होतो, पण तो मी आवरतो. कानाला सारखे वाटणारे सगळे शब्द भाऊ नसतात.

पट्टाच्या या सगळ्या लेकरांचा स्वभाव एकच: सपाट असणं. क्रिकेटच्या बातम्यांत ‘पाटा खेळपट्टी’ म्हणतात ती फलंदाजाला आवडणारी, जीव नसलेली, सपाट. तिथे पाटा आणि पट्टी दोघेही एकाच शब्दाची रूपं असून एकमेकांना विशेषण लावून बसले आहेत. पण गाडीचा पाटा या कुळात जन्मून कुळाचार मोडणारा. तो वाकलेलाच पाहिजे. ज्या दिवशी तो नावाप्रमाणे सपाट झाला त्या दिवशी गाडी बसली. म्हणून लोक त्याला कधी नुसता पाटा म्हणतात, कधी नुसती कमान, आणि अडलं की दोन्ही जोडून कमानपाटा. फारसी धनुष्य आणि प्राकृत फळी एका शब्दात आवळून टाकली आहे. भाषेत ‘दुभाषी समास’ म्हणून नाक मुरडतात तो हाच, आणि याहून नेमकं नाव मला तरी सुचत नाही. धनुष्यासारखी वागणारी फळी.

धुळ्याला या शब्दांची वर्दळ अगदी कानाने ऐकता येते. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरतेहून जळगाव-नागपूरकडे जाणारा, पूर्वीचा सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, हे दोन्ही इथे एकमेकांना छेदतात. छेदण्याच्या जागेला खानदेशात चौफुली म्हणतात, आणि चौक या शब्दापेक्षा तो मला किती तरी बरा वाटतो. कागदावर फुली मारावी तसे रस्ते दिसतात. आसपासच्या गॅरेजांत इंदूरकडचा ड्रायव्हर ‘कमानी’ मागतो, सुरतेकडचा ‘कमान’ मागतो, आणि पारोळ्याचा पोऱ्या आतून पाटा काढून आणतो. तिघांचं समाधान एकाच वस्तूने होतं. रावेर-सावद्याकडून केळी भरून उत्तरेला जाणाऱ्या ट्रकांनी यात आणखी एक क्रियापद घातलं आहे: पाटा ‘वाढवणे’. माल क्षमतेबाहेर भरायचा असला की मूळच्या पाट्यांच्या चळतीत एक जादा पाटा सरकवतात. जेवताना पोळी वाढावी तसं क्रियापद, पण याने गाडीचं पोट भरत नाही, पाठ ताठ होते. रिकाम्या गाडीत ड्रायव्हरला मग प्रत्येक गचका दुप्पट. या ट्रकांच्या मागच्या भागाला जो ‘हौदा’ म्हणतात तोही लांबून आलेला. अरबीत ‘हौदज’ म्हणजे उंटाच्या पाठीवरची बसायची पालखी. आपल्याकडे तो हत्तीवर चढला, आणि राजे गेल्यावर केळी वाहायला लागला.

आता पाट्याच्या टोकाकडे जाऊ. पाट्यांची चळत म्हणजे सगळ्यांत वर लांब मेन पाटा आणि खाली एकेक आखूड होत जाणारे. मधोमध सेंटर बोल्ट, आणि यू-बोल्टांनी ती आसाला आवळलेली. गाडीवर वजन आलं की वाक कमी होतो. वाक कमी झाला की पाट्याची दोन टोकं एकमेकांपासून लांब जातात. दोन्ही टोकं सांगाड्याला घट्ट बांधली तर एक तर पाटा तुटेल नाही तर सांगाडा. म्हणून पुढचं टोक एका जागी आणि मागचं टोक एका झुलत्या दुव्यावर. त्या दुव्याला म्हणतात शॅकल. इंग्रजीत शॅकल म्हणजे बेडी. बेडीचं काम हालचाल रोखणं. या बेडीचं काम हालचाल होऊ देणं. पाट्याने नावाला धरून वागायचं नाकारलं होतं, शॅकलनेही नाकारलं.

आणि शॅकलची पिन पाट्याच्या वळवलेल्या टोकात जिथे फिरते तिथे, लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून, रबराचा बुश.

घरी या बुशाचं काम निघालं ते जुन्या ऑम्नीमुळे. कंपनीने १९८४ साली ती ‘व्हॅन’ म्हणून बाजारात आणली, १९८८ साली नाव बदलून ऑम्नी केलं, २०१९ साली बनवणंच थांबवलं. आमच्याकडे ती अजून व्हॅनच आहे. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश यांची नावं १९६० साली जळगाव आणि धुळे झाली म्हणून कोणी खानदेश म्हणायचं सोडलं नाही, तसंच हे. व्हॅन हा ‘कॅराव्हॅन’चा मागचा तुकडा, आणि कॅराव्हॅन म्हणजे फारसी कारवान, हिंदी गाण्यांतला कारवाँ. म्हणजे उंटांचा अख्खा तांडा झिजून शाळेच्या पोरांची एक गाडी उरली.

‘ऑम्नी’ची गंमत त्याहून मोठी. लॅटिनमध्ये ‘ओम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. फ्रान्समध्ये सर्वांसाठी चालणाऱ्या घोडागाडीला ते नाव पडलं, इंग्रजांनी त्याचं शेपूट तोडून ‘बस’ केलं. त्या शेपटाला स्वतःचा अर्थ काहीच नाही, तो निव्वळ चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय आहे. शाळेत ‘रामाय, रामाभ्याम्, रामेभ्यः’ घोकलं असेल तर त्यातल्या ‘भ्यः’चा आणि लॅटिनच्या या ‘बस’चा उगम एकच. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला एसटीची पहिली गाडी सुटली तेव्हा तिच्यात बसलेले प्रवासी, व्याकरणदृष्ट्या, एका विभक्तिप्रत्ययात बसले होते. त्याच शब्दाचं डोकं नंतर एका मोटार कंपनीने उचललं आणि आमच्या अंगणात आणून उभं केलं. डोकं अंगणात, शेपूट बसस्टँडवर.

तर या ऑम्नीतून मागून खट् खट् असा आवाज येऊ लागला. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला एक खट्. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते, वरचा डांबरी थर तिच्यासोबत वरखाली होतो. खड्ड्यांना इथे तोटा नाही. मला वाटलं पाटा बसला. शेजारचे आप्पा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मूळ शिरपूरकडचे, खुर्ची घेऊन अंगणात आले. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, मागितली. शॅकल आणि पाटा यांच्या सांध्यात ती घालून एकदा दाबली. सांधा बोटभर हलला.

‘पाटा बसेल नही, भाऊ. बुश गयेल शे.’

आप्पांच्या अहिराणीतलं हे ‘गयेल’ मला फार आवडतं. ‘गेला’ म्हटलं की क्रिया संपली. ‘गयेल शे’ म्हटलं की गेलेला असूनही तो अजून तिथेच आहे, गेलेल्या अवस्थेत. बुशाचं नेमकं असंच होतं. तो पडत नाही, तुटत नाही, जागेवर असतो, फक्त गेलेला असतो. प्रमाण मराठीत ‘गेलेला आहे’ म्हणता येतं, पण त्याला कागदपत्राचा वास येतो.

जी टॉमी आप्पांनी वापरली तिला गॅरेजात टामी म्हणतात. पोलिसांच्या फिर्यादीत ‘लोखंडी टामीने मारहाण’ म्हणून जी येते ती हीच. टॉमी हे थॉमसचं लाडकं नाव. गाडी उचलतो तो जॅक हे जॉनचं लाडकं नाव. घरातल्या पडेल ते काम करणाऱ्या पोऱ्याला इंग्रज जॅक म्हणत, आणि पोऱ्याचं काम करणाऱ्या यंत्रांनाही तेच नाव देत गेले. साहेब गेला, त्याचे दोन गडी आमच्या गाडीखाली राबायला राहिले. जॅकवर भरवसा ठेवून खाली जायचं नाही हा पहिला धडा. पुढच्या चाकांना दगड लावायचे, मागून गाडी उचलून सांगाड्याखाली स्टँड लावायचे आणि वर आणखी स्टेपनी आडवी सरकवून ठेवायची, म्हणजे काही घसरलंच तर गाडी छातीवर न येता चाकावर येईल. स्टेपनी हे वेल्समधल्या लानेली गावच्या एका रस्त्याचं नाव. तिथे डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाक विकायला काढलं, त्याला रस्त्याचं नाव दिलं. वेल्समधल्या पोराला आज स्टेपनी म्हटलं तर काही कळणार नाही, पण यावलच्या पोराला विचारा.

नट गंजून एक झाले होते. आदल्या रात्री त्यांच्यावर घासलेट सोडून ठेवलं. घासलेट हा शब्द लिहिताना हात थांबतोच: इंग्रजी ‘गॅसलाइट’चं ते मराठी रूप, पण त्यात घास आहे, घासणं आहे आणि लेटलेली चिमणीही दिसू लागते. सकाळी रिंग पाना लावला, एक कुरकूर झाली आणि नट सुटला. शॅकलची पट्टी बाहेर आली. जुना बुश हातात घेतला तर भोक गोल राहिलेलं नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं. एका बाजूला रबर नखाएवढं पातळ, आणि त्याही जागी फाटून आतली पिन पाट्याला लागत होती. त्या जागी पिन चकचकीत झाली होती. खट् तिथून येत होता. जळगावच्या उन्हात, पंचेचाळीस अंशांत, रबर नुसतं झिजत नाही. कडक होतं, मग त्याला भेगा पडतात, आणि भेगांत गेलेली धूळ उरलेलं काम करते.

रबर या शब्दाचा अर्थच ‘घासणारा’. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या चिकाचा युरोपात आधी नाव घेण्याजोगा उपयोग एकच होता: पेन्सिलीचं लिहिलेलं घासून पुसणं. १७७० साली जोसेफ प्रीस्टली याने ते नोंदवून ठेवलं आणि नाव चिकटलं. मराठीने त्यावर ‘खोडरबर’ केलं, म्हणजे एकच काम दोनदा सांगितलं. त्या घासणाऱ्याच्या नशिबी बुशात येऊन घासलं जाणं आलं.

आणि बुश? अमेरिकेच्या अध्यक्षांशी त्याचा संबंध नाही, झुडपाशीही नाही. जुन्या डच भाषेत ‘बुसे’ म्हणजे पेटी, डबी. चाकाच्या तुंब्यात आस झिजू नये म्हणून घालायच्या लोखंडी नळीलाही तेच नाव. त्याच्या मागे लॅटिन, लॅटिनच्या मागे ग्रीक ‘पिक्सिस’, बॉक्सवूड नावाच्या झाडाच्या लाकडाची डबी. इंग्रजी ‘बॉक्स’ तिथूनच. नळीच्या आकारावरून याच शब्दाने बंदुकीतही शिरकाव केला. जर्मन ‘ब्युक्से’ म्हणजे बंदूक, आणि जुन्या रुंद तोंडाच्या ‘ब्लंडरबस’मधला ‘बस’ तो हाच. एसटीच्या बसशी त्याचं काही नातं नाही, हेही सांगायला हवं, कारण नाव ऐकून घोटाळा करणारे पुष्कळ. म्हणजे बैलगाडीच्या तुंब्यातल्या नळीपासून पाट्याच्या टोकातल्या रबरापर्यंत बुशाने काम बदललेलं नाही: मधे बसायचं आणि दुसऱ्याच्या वाटची झीज आपण घ्यायची.

नवा बुश दोन अर्ध्या तुकड्यांचा असतो, डावीकडून एक, उजवीकडून एक. तो कोरडा आत जात नाही. मी ऑइलच्या डब्याकडे हात केला.

‘ऑइल नको लावू. साबन लाव.’

तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी वाळून जातं. बैलगाडीच्या आसाला वंगण लागतं म्हणून सगळ्याच सांध्यांना वंगण लागतं असं मानणारी पिढी अजून आहे, आणि तिने कित्येक चांगले बुश मारले आहेत. साबण लावून दोन्ही तुकडे अंगठ्याच्या जोराने बसले. पिन घातली, नट लावले, पाना फिरवायला घेतला, तर आप्पांनी खुर्चीवरूनच हात वर केला.

‘आते नही. गाडी खाले उतार, मंग कस.’

यामागचं कारण आप्पांनी सांगितलं नाही, पण ते असं: गाडी हवेत असताना पाटा लोंबत असतो, शॅकल एका कोनात असतं. त्याच अवस्थेत नट आवळले तर रबर त्या कोनात पकडलं जातं, आणि गाडी चाकांवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं. असा पिळलेला बुश लवकर जातो. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, पाटा आपल्या रोजच्या वाकात आल्यावर, मग कसायचं.

‘झिजणे’ या क्रियापदाकडेही जरा पाहायला हवं, कारण अंगणात त्या दिवशी सगळ्यात जास्त तेच वापरलं गेलं. ते ‘क्षि’ या धातूपासून, प्राकृत ‘झिज्जइ’ या वाटेने आलेलं. क्षय आणि झीज ही एकाच घरची दोन नावं, एक दवाखान्यातलं, एक गॅरेजातलं. ‘क्ष’ हे अक्षर मराठीच्या जिभेवर जितक्या तऱ्हांनी झिजलं तितकं क्वचितच दुसरं झिजलं असेल. झरणे हे ‘क्षर्’वरून, तिथे त्याचा झ झाला. क्षेत्राचं शेत झालं, तिथे श. हिंदीवाल्यांनी त्याच क्षेत्राचं खेत केलं. इक्षूचा ऊस, कुक्षीची कूस, तक्ष्‌चं तासणं, आणि अक्षाचा आस. एकाच गाडीच्या खाली ‘क्ष’ एकदा आसात झिजून स झालेला आणि एकदा झिजण्यातच झिजून झ झालेला.

खानदेशात ही झीज अजून चालू आहे. अहिराणीत आणि पूर्वेकडच्या लेवा गणबोलीतही ‘ळ’ टिकत नाही, त्याचा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, आणि जळगावचं जयगाव. चोपड्याच्या नाक्यावर प्रवाशांची वाट पाहत उभ्या असलेल्या काळी-पिवळी जीपला कायी-पिवयी म्हणतात. त्या जीपला मागेपुढे चारी बाजूंना पाटे, आणि त्यांच्यावर नियमापेक्षा कितीतरी जास्त माणसं. बाहेरचा कोणी ‘कायी-पिवयी’ ऐकून हसला तर त्याने स्वतःचं शेत, ऊस आणि आस आधी तपासून घ्यावेत. तीही कोणाच्या तरी तोंडी झिजलेलीच आहेत, फक्त त्या झिजेला कोशात जागा मिळाली.

आप्पांना गल्लीत मिस्तरी म्हणतात. पोर्तुगीज ‘मेस्त्रे’ म्हणजे उस्ताद, त्याच्यामागे लॅटिन ‘मॅजिस्टर’. त्याच मॅजिस्टरचा इंग्रजी वाटेने आलेला अवतार म्हणजे मास्तर, आणि तिसरा मॅजिस्ट्रेट. एका शब्दाची तीन पोरं: एक शाळेत, एक कोर्टात, एक गाडीखाली. पगाराची उतरंड कशी लागली ते सांगायला नको. पण कोर्टातल्याने निकाल दिला तरी अपील करता येतं. आप्पांनी टॉमी दाबून दिलेल्या निकालावर मी अपील केलं नाही.

पाटे आमचे शाबूत निघाले, पण ज्यांचे तुटतात ते भंगारात जातातच असं नाही. ट्रकचा जुना पाटा म्हणजे उत्तम पोलाद, आणि लोहार त्याची वाट पाहत असतो. पोलाद हाही फारसी शब्द, ‘पूलाद’. म्हणजे कमान आणि तिचा धातू दोन्ही एकाच दिशेने आले. पाटा भट्टीत तापवून, तोडून त्याची वखराची पास होते, विळा होतो, कुऱ्हाड होते. आठवडी बाजारात लोहारीण गोणपाटावर विळे मांडून बसते, आणि गिऱ्हाईक विळा उचलून धार अंगठ्यावर घासत एकच प्रश्न विचारतं: कमानीचा आहे का? ‘हो’ म्हटलं की भाव वर जातो. तिथे कमान हे आकाराचं नाव राहिलेलं नसतं, स्प्रिंगचंही नसतं. धनुष्याचं तर नसतंच. विळ्याला वाक असतो, पण तो वाक विचारणाऱ्याच्या मनात नसतो. कमान म्हणजे त्याच्या लेखी लोखंडाची एक जात. उद्या ऊस तोडताना हा विळा वाकणार नाही ना, एवढंच त्याला हवं असतं, आणि मग तो दहा रुपये कमी करायला लावतो.